वारंवार तुटणारी बिनतारी जोडणी : दोषनिदानाची एक पद्धत

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादे यंत्र कायमचे बंद पडले तर त्याचा दोष शोधणे त्या मानाने सुलभ असते. कारण दोष तपासणाऱ्याच्या समोर उभा असतो. जो दोष येतो आणि जातो, तो मात्र तपासनिसाच्या पायरवाने पळणाऱ्या चोरासारखा वागतो. तंत्रज्ञ घरी आला की सारे सुरळीत, आणि तो जिना उतरला की पुन्हा तोच प्रकार, असा अनुभव पुष्कळांस असेल. घरातील वाय-फाय राउटरची जोडणी दिवसातून चार-पाच वेळा तुटणे आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होणे, हा या दुसऱ्या जातीचा दोष होय.

हा प्रश्न केवळ करमणुकीत व्यत्यय येण्यापुरता असता तर त्याचा विचार या पत्रिकेत करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु २०२० सालच्या साथीपासून मौखिक परीक्षा, संशोधनविषयक बैठका, पदांच्या मुलाखती आणि अर्ज दाखल करण्याच्या शेवटच्या घटका या साऱ्यांचा पुष्कळसा भार घरातील त्या लहानशा पेटीवर येऊन पडला आहे. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत उत्तराच्या मध्यावर जोडणी तुटली, तर उमेदवार अडखळला की यंत्र अडखळले, हे समोरच्या परीक्षकास कळत नाही. वसतिगृहाबाहेर भाड्याच्या खोलीत राहून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास तर नवा राउटर घेऊन पाहण्याचा खर्चही सहज परवडण्यासारखा नसतो.

या दोषावर लोक सामान्यतः तीन उपाय योजतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा पहिला, नवा राउटर विकत आणणे हा दुसरा, आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीशी दूरध्वनीवर वाद घालणे हा तिसरा. यांपैकी कोणत्याही उपायाने क्वचित् गुण येत नाही असे नाही. पण तो का आला हे कळत नाही, आणि त्यामुळे दोष परतला म्हणजे आपण पुन्हा पहिल्याच पायरीवर असतो. प्रयोगशाळेत ज्या शिस्तीने आपण एखाद्या उपकरणातील दोष शोधतो, तीच शिस्त घरातील राउटरला कशी लावता येते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मार्गाचे चार टप्पे

लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारे पान चार टप्पे ओलांडून आलेले असते. पहिला टप्पा लॅपटॉप किंवा मोबाइल ते राउटर हा बिनतारी टप्पा. दुसरा टप्पा म्हणजे स्वतः राउटर : त्याचा विद्युत्पुरवठा, त्यातील प्रक्रियक व स्मृती, आणि त्यावर चालणारी आज्ञावली. तिसरा टप्पा राउटरपासून सेवादात्या कंपनीच्या केंद्रापर्यंतचा; तो आज बहुतेक शहरांत प्रकाशतंतूचा असतो, आणि प्रकाशतंतूचे ग्राहकयंत्र पुष्कळदा राउटरच्याच पेटीत बसविलेले असते. चौथा टप्पा कंपनीच्या केंद्रापलीकडचा. त्यात संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी नामसेवाही येते.

यांतील कोणताही टप्पा तुटला तरी वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण एकच : पडद्यावर फिरत राहणारे चक्र. ताप हे जसे अनेक रोगांचे एकच लक्षण, तसाच हा प्रकार आहे. “वाय-फाय गेले” हे वाक्य म्हणून निदान ठरू शकत नाही. चार टप्प्यांपैकी कोणता टप्पा गेला, हा पहिला प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणतीही जोडणी किंवा मांडणी बदलू नये.

३. टप्पा निश्चित करण्याची कसोटी

या कामाचे साधन प्रत्येक संगणकात पूर्वीपासून आहे. माइक म्यूस या अमेरिकी अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही छोटीशी आज्ञावली दूरच्या यंत्रास एक हाक घालते आणि प्रतिसाद किती मिलिसेकंदांत आला ते नोंदवते. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनिस्पंदाच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले.

लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून तीन पत्त्यांना एकाच वेळी सतत हाका घालीत राहावे. पहिला पत्ता स्वतः राउटरचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. दुसरा पत्ता बाहेरच्या जगातील एखाद्या स्थिर यंत्राचा आकडी पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. तिसरा पत्ता आकडी नसून एखाद्या संकेतस्थळाचे नाव असावे, आणि ती हाक दर वेळी नव्याने घालावी, म्हणजे नामसेवेचीही परीक्षा होते. जोडणी तुटेल त्या क्षणी या तीन खिडक्यांकडे पाहावे.

राउटरच्याच हाकेला प्रतिसाद थांबला असेल, तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आहे. राउटर उत्तर देत आहे, पण बाहेरचा आकडी पत्ता देत नाही, असे असेल तर बिनतारी टप्पा निर्दोष ठरतो, आणि दोष राउटरच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे बहुधा तिसऱ्या टप्प्यात आहे. दोन्ही आकडी पत्ते उत्तर देत असता केवळ नाव ओळखले जात नसेल, तर दोष नामसेवेचा. तो राउटरच्या मांडणीत दुसऱ्या नामसेवेचा पत्ता लिहून दूर होतो. तिन्ही खिडक्या चालू असताना एकच संकेतस्थळ उघडत नसेल, तर घरात शोधण्यासारखे काहीच नाही.

तिन्ही हाका एकाच वेळी घालण्यास कारण आहे. राउटरची तपासणी सकाळी आणि बाहेरच्या पत्त्याची तपासणी सायंकाळी केली, तर येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाबाबत त्या दोन निरीक्षणांची तुलनाच होऊ शकत नाही. तसेच एखाद-दुसरी हाक वाया गेली म्हणून तिला दोष मानू नये; कामात गुंतलेला राउटर अशा हाकांना गौण समजून कधी कधी उत्तर देत नाही. सलग दहा-पंधरा सेकंद उत्तर न येणे ही खरी खूण होय.

पहिला आणि दुसरा टप्पा वेगळे करण्यासाठी लॅपटॉप काही काळ तारेने राउटरला जोडावा. तारेवर जोडणी अखंड राहते आणि त्याच वेळी मोबाइलवरील वाय-फाय तुटते, असे आढळले तर दोष हवेतल्या टप्प्याचा आहे, याविषयी फारशी शंका उरत नाही.

४. तीन घड्याळांचा पुरावा

प्रत्येक वेळी दोष घडताना आपण समोर असूच असे नाही. अशा वेळी राउटर स्वतःच साक्ष देतो. राउटरच्या व्यवस्थापन-पानावर बहुधा तीन कालावधी नोंदलेले असतात : राउटर किती वेळ सलग चालू आहे, कंपनीशी असलेली जोडणी किती वेळ सलग टिकली आहे, आणि प्रत्येक मोबाइल किंवा लॅपटॉप किती वेळापासून जोडलेला आहे.

समजा, दुपारी ३ वाजता जोडणी तुटली आणि आपण ३ वाजून १० मिनिटांनी हे पान पाहिले. पहिले घड्याळच ९ मिनिटे दाखवीत असेल, तर राउटर स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कारण वीज, उष्णता किंवा आज्ञावली यांत शोधावे. पहिले घड्याळ १२ दिवस दाखवते आणि दुसरे ९ मिनिटे, तर तिसरा टप्पा तुटला होता. पहिली दोन्ही घड्याळे १२ दिवस दाखवतात आणि केवळ आपल्या लॅपटॉपचे घड्याळ ९ मिनिटांचे आहे, तर दोष बिनतारी टप्प्याचा किंवा त्या लॅपटॉपचा. त्यातही घरातील इतर यंत्रांची घड्याळे अबाधित असतील तर राउटरला दोष देण्याचे कारण नाही. लॅपटॉपचा वीजबचतीचा पर्याय किंवा त्याची जुनी चालक-आज्ञावली यांकडे वळावे.

यावरून राउटर तडकाफडकी बंद-चालू करण्यातील नुकसान ध्यानात येईल. त्या एका कृतीने तिन्ही घड्याळे शून्यावर येतात, स्मृती रिकामी होते, कंपनीशी नवा करार होतो आणि पुष्कळदा राउटर नवी वाहिनीही निवडतो. चारही गोष्टी एकदम बदलल्यामुळे गुण कशाने आला हे कायमचे अज्ञात राहते, आणि होता तो पुरावाही नष्ट होतो. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी घड्याळांचे आकडे आणि पेटीवरील दिव्यांची स्थिती कागदावर उतरून घ्यावी. मोबाइलने छायाचित्र घेतले तरी चालेल.

५. बिनतारी टप्प्याचा हिशेब

वाय-फायचे पहिले मानक, आयईईई ८०२.११, १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या यंत्रांना भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने मोकळा झाला, आणि ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ व ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेने. पहिल्यातील तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर दुसऱ्या गटातील तरंगांची ५ ते ६ सेंटिमीटर असते.

आता एका जोडणीचा जमाखर्च मांडू. राउटरची प्रक्षेपित शक्ती १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम, असे धरू. मोकळ्या जागेत २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची पहिल्या मीटरला सुमारे ४० डेसिबेल घट होते, आणि अंतर दसपट झाले की आणखी २० डेसिबेल. म्हणजे १० मीटरवर उरले उणे ४० डीबीएम. वाटेत विटांची एक भिंत आली, तिचे ढोबळ मानाने ८ डेसिबेल. लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा एक स्लॅब आला, त्याचे २०. शिल्लक उणे ६८ डीबीएम. निघालेल्या शक्तीचा हा सुमारे ६३ कोटींवा हिस्सा झाला. तरीही ग्राहकयंत्राला तो पुरतो. कारण २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत उष्णताजन्य गोंगाट उणे १०१ डीबीएमच्या आसपास असतो, आणि ग्राहकयंत्राची स्वतःची भर धरली तरी तो उणे ९५ च्या घरात राहतो.

सामान्यतः उणे ५० किंवा त्याहून वर संकेत उत्तम, उणे ६७ पर्यंत ध्वनी-दृश्य संभाषणास पुरेसा, आणि उणे ८० च्या खाली बेभरवशाचा समजतात. आपल्या उदाहरणातील जोडणी उंबरठ्यावर उभी आहे. अशा वेळी राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने ४ डेसिबेल खाल्ले, दार लागले, किंवा कोणी लोखंडी कपाटाचे पल्ले उघडले, की जोडणी डळमळते. तुटण्याचे कारण माणूस किंवा दार असे वाटते. खरे कारण, शिल्लक इतकी थोडी होती की कोणताही लहान खर्च तिला पेलवला नाही, हे होय.

येथे आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पडद्यावरील रेघा राउटरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो ते सांगतात. आपला आवाज राउटरला किती ऐकू जातो ते सांगत नाहीत. मोबाइलची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा कमी असते, त्यामुळे रेघा पुरेशा असूनही परतीची वाट तुटलेली असू शकते. दुसरी गोष्ट अशी की, भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळून खोलीत ठिकठिकाणी संकेताचे उंचवटे व खळगे निर्माण करतात. लगतच्या दोन खळग्यांतील अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे ६ सेंटिमीटरच्या, आसपास असू शकते. म्हणून राउटर किंवा लॅपटॉप वीतभर सरकवून पाहणे हा अंधश्रद्धेचा नव्हे, भौतिकीला धरून असलेला उपाय आहे.

६. क्षीणता की गर्दी?

बिनतारी दोषाच्या दोन जाती आहेत, आणि त्यांचे उपाय परस्परविरोधी असल्यामुळे त्या ओळखणे महत्त्वाचे. कसोटी सोपी आहे. लॅपटॉप घेऊन राउटरपासून दोन मीटरवर, मध्ये काहीही आडकाठी नसेल अशा जागी बसावे. तेथे जोडणी तुटणे थांबले, तर दोष क्षीणतेचा. संकेत उणे ४० असूनही जोडणी तुटत राहिली, तर दोष गर्दीचा किंवा बाह्य व्यत्ययाचा.

क्षीणतेवर उपाय जागेचा आहे. राउटर घराच्या मध्यावर, जमिनीपासून उंच आणि मोकळा असावा. दूरचित्रवाणीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशालगत किंवा पाण्याच्या टाकीशेजारी तो ठेवू नये. जाड दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात आणि काँक्रीटच्या दुमजली घरात एक राउटर पुरत नाही. तेथे दुसरा राउटर तारेने जोडून बसविणे हाच खात्रीचा मार्ग. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तितक्याच अंतरावर ६ ते ७ डेसिबेल अधिक गमावतो आणि भिंतीही त्याला अधिक अडवितात. त्यामुळे क्षीणतेच्या दोषात त्याकडे वळल्यास प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडते.

गर्दीच्या दोषात नेमका तोच पट्टा उपकारक ठरतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ वाहिन्या असल्या तरी त्यांच्या मध्यांतील अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येकीची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ असते. एकमेकींस न छेदणाऱ्या अशा तीनच वाहिन्या व्यवहारात वापरतात : १, ६ आणि ११, म्हणजे २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झ. शेजारचे राउटर १ व ६ वर असता आपण मधली ३ क्रमांकाची वाहिनी निवडणे शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात ते दोघांशीही भांडण ओढवून घेणे होय. एकाच वाहिनीवरील यंत्रे एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि पाळी धरून थांबतात. अर्धवट छेदणाऱ्या वाहिनीवरील बोलणे मात्र त्यांना नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते. याच कारणास्तव २.४ गिगाहर्ट्झमध्ये ४० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी वापरू नये.

पाळी न धरता बोलल्यास काय होते, याचा हिशेब वाय-फायच्या पुष्कळ आधी झालेला आहे. नॉर्मन एब्रम्सन यांच्या हवाई विद्यापीठातील ‘अलोहा’ या १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या बिनतारी जाळ्यात प्रत्येक केंद्र मनास येईल तेव्हा संदेश पाठवीत असे. अशा व्यवस्थेत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्केच, म्हणजे १/२e इतकाच, भाग कामी येतो. उरलेला टकरींत आणि रिकाम्या वेळात जातो. वाय-फाय यंत्रे बोलण्यापूर्वी कान देतात, म्हणून त्यांची स्थिती बरी. परंतु दोन यंत्रे एकमेकांना ऐकू येत नसून दोघेही एकाच राउटरशी बोलत असतील, तर कान देण्याचा उपयोग राहत नाही आणि आपण अलोहाच्या दिशेने घसरू लागतो. मोठ्या गृहसंकुलात रात्री ८ ते ११ या वेळात जोडणी का रखडते, याचे हे एक कारण आहे.

वाय-फाय नसलेली यंत्रेही या पट्ट्यात गोंगाट करतात. मायक्रोवेव्ह भट्टीतील मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास कंप पावतो. सामान्य घरगुती भट्टीत तो विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या सुमारे अर्ध्या भागात चालतो. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर ही चालू-बंद दशा साधारण १० मिलिसेकंदांनी पालटते. भट्टीत पाण्याचा पेला तापत ठेवून त्या वेळी पिंगचे आकडे पाहिले की संशय फिटतो. लॅपटॉपच्या यूएसबी ३.० खोबणीत बसविलेली बाह्य तबकडी व तिची तार यांतूनही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये त्यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले आहे. प्रबंधाची प्रत बाह्य तबकडीवर उतरविताना नेमके वाय-फाय जाते, अशी तक्रार असेल तर कारण येथे शोधावे.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचेही एक वैशिष्ट्य आहे. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे भाग रडारही वापरते. अमेरिका व युरोप येथील नियमांनुसार या भागातील राउटरने रडारचा स्पंद ऐकताच १० सेकंदांत वाहिनी सोडावी लागते, आणि नव्या वाहिनीवर बोलण्यापूर्वी बहुधा ६० सेकंद केवळ ऐकत राहावे लागते. राउटर अनेक देशांसाठी एकाच धर्तीवर बनत असल्याने हे वर्तन अन्यत्रही आढळू शकते. जाळ्याचे नाव एखाद्या मिनिटापुरते यादीतून नाहीसे होते आणि वाहिनी बदलून परत येते, असे दिसल्यास वाहिनी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक निश्चित करून ठेवावी.

७. पेटी आणि तिच्यापलीकडे

पहिले घड्याळ राउटर स्वतः बंद होत असल्याचे सांगत असेल, तर प्रथम संशय अॅडॅप्टरवर घ्यावा. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाने सुकतात. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. असा अॅडॅप्टर एरवी १२ व्होल्ट देतो, पण राउटरने अधिक प्रवाह मागितला की त्याचा दाब खचतो आणि राउटर पुन्हा सुरू होतो. म्हणून जास्त काम असतानाच जोडणी तुटणे हे दुर्बळ अॅडॅप्टरचेही लक्षण असू शकते. राउटरच्या तळाशी छापलेल्या व्होल्ट व अँपिअर यांच्याशी जुळणारा दुसरा अॅडॅप्टर लावून पाहणे ही नव्या राउटरपेक्षा कितीतरी स्वस्त परीक्षा आहे. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना मधला क्षणिक खंडही काही राउटरना सोसत नाही. राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरी-संच लावला की तो दोष जातो. वैशाख-ज्येष्ठातील दुपारी बंद कपाटात ठेवलेला राउटर तापून बंद पडत असेल, तर कपाटाचे दार उघडे ठेवणे हेच औषध.

दुसरे घड्याळ दोषी असेल तर प्रकाशतंतूकडे पाहावे. घरापर्यंत येणाऱ्या सामान्य प्रकाशतंतू-जाळ्यात कंपनीकडून १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून १३१० नॅनोमीटरचा प्रकाश जातो. ग्राहकयंत्राला मिळणारी प्रकाशशक्ती पुष्कळ राउटरच्या पानावर दिसते. नेहमीच्या वर्गातील यंत्रांसाठी ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम यांच्या दरम्यान असावी लागते. उणे २६ वर चालणारी जोडणी ही बिनतारी टप्प्यातील उणे ६८ सारखीच उंबरठ्यावरची जोडणी समजावी. दाराच्या चौकटीत चेपलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट वळविलेली तार प्रकाश गमावते. पेटीवरील लाल दिवा लागणे म्हणजे प्रकाश मुळीच न येणे. अशा वेळी राउटरच्या मांडणीत फेरफार करणे व्यर्थ आहे. तार उपटून पुन्हा खोचण्याचा मोहही टाळावा. तिच्या टोकातील प्रकाशतंतू धुळीच्या कणानेही आंधळा होतो, आणि त्यातील अदृश्य प्रकाश डोळ्यांस अपायकारक ठरू शकतो.

८. वेळेची नोंद

दोषाच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवल्या तर त्यांचा आकृतिबंध बोलू लागतो. तंतोतंत सारख्या अंतराने तुटणारी जोडणी कोणत्या तरी गणकाकडे बोट दाखविते : राउटरची सांकेतिक किल्ली बदलण्याचा काळ पुष्कळदा एक तासाचा असतो, आणि आकडी पत्त्याच्या भाडेपट्ट्याचे नूतनीकरण त्याच्या मुदतीच्या निम्म्या काळी सुरू होते व ते न साधल्यास ८७.५ टक्के काळ लोटल्यावर यंत्र दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करते. सायंकाळी वाढणारा दोष गर्दीचा, दुपारचा उष्णतेचा, स्वयंपाकाच्या वेळचा भट्टीचा, आणि पावसाबरोबर येणारा बाहेरच्या तारेचा किंवा जोडाचा असण्याचा संभव अधिक. हे केवळ संशय होत. निर्णय वरील कसोट्यांनीच करावयाचा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका संशोधक विद्यार्थिनीच्या घरी जोडणी दिवसातून सरासरी तीनदा तुटते. घड्याळे पाहता पहिली दोन अबाधित आणि तिसरे खंडित आढळते. दोन मीटरवर बसूनही दोष कायम राहतो. म्हणजे क्षीणता नव्हे. आसपासच्या जाळ्यांची यादी पाहता तिचा राउटर ४ क्रमांकाच्या वाहिनीवर असून १ व ६ या वाहिन्या शेजाऱ्यांनी भरलेल्या आहेत. ती वाहिनी बदलून ११ करते, दुसरे काहीही बदलत नाही, आणि दिवसभर जोडणी तुटत नाही. दोष गेला असे म्हणावे काय?

तुटण्याच्या घटना परस्परनिरपेक्ष असून त्यांचा दर दिवसाला ३ आहे असे मानल्यास, उपायाचा काहीही परिणाम नसतानाही एक दिवस योगायोगाने शांत जाण्याची संभाव्यता ई या संख्येच्या उणे तिसऱ्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ५ टक्के असते. दर दिवसाला १ असता तर एक शांत दिवस ३७ टक्के वेळा फुकटच मिळाला असता, आणि तेवढ्याच खात्रीसाठी तीन दिवस थांबावे लागले असते. नियम असा मांडता येईल : पूर्वीच्या सरासरीने ज्या काळात तीन खंड अपेक्षित होते, तेवढा काळ निर्विघ्न जावा, तोवर उपायास यश आले असे म्हणू नये आणि दुसरा बदलही करू नये. दोष सायंकाळीच येत असेल तर तो परस्परनिरपेक्षतेचा अपवाद होय. मग तास न मोजता सायंकाळी मोजाव्यात. बहुतेक घरगुती दुरुस्त्या फसतात त्या येथे : पहिल्या शांत तासाला यश मानले जाते, किंवा एकाच दुपारी पाच बदल केले जातात.

९. तक्रार कशी करावी

दोष तिसऱ्या टप्प्यात आहे असे ठरल्यास तो आपल्या हातून दुरुस्त होणारा नाही. तेथे तक्रार हाच उपाय. परंतु “इंटरनेट सारखे जाते” या तक्रारीस “राउटर बंद करून चालू करा” हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी तारखा व वेळा, त्या प्रत्येक वेळी राउटर हाकेला उत्तर देत होता आणि बाहेरचा पत्ता देत नव्हता ही नोंद, राउटर सलग चालू असल्याचा काळ, आणि मिळणारी प्रकाशशक्ती, एवढे चार मुद्दे लेखी दिले की घरातल्या यंत्राकडे बोट दाखविण्यास जागा राहत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी तक्रारीस क्रमांक मिळण्याची आणि समाधान न झाल्यास अपील करण्याची तरतूद केली आहे. तो क्रमांक मागून घ्यावा.

सारांश, क्रम असा : बटणास हात लावण्यापूर्वी दिवे आणि घड्याळे यांची नोंद, मग तीन हाकांनी टप्प्याची निश्चिती, बिनतारी टप्पा दोषी ठरल्यास दोन मीटरची कसोटी, आणि नंतर एका वेळी एकच बदल, व तीन अपेक्षित खंडांइतकी प्रतीक्षा. महत्त्वाच्या परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी मात्र निदान करीत बसू नये. त्या दिवशी लॅपटॉप तारेने राउटरला जोडावा, राउटर बॅटरी-संचावर ठेवावा, आणि मोबाइलवरील इंटरनेट दुसरा मार्ग म्हणून आधीच तपासून ठेवावे. निदानाचे काम त्यापूर्वीच्या आठवड्यातले आहे.